एक्केचाळिसाव्या मिनिटाला

या गोष्टीवर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आजवर जितक्यांनी ऐकली, त्यांतल्या एकानेही ठेवलेला नाही. एक गृहस्थ तर अर्ध्यावरच उठले आणि दार आपटून निघून गेले, आणि घर त्यांचंच होतं. तरी हिच्यातला शब्द न् शब्द खरा आहे. जिथे थोडं वाढवल्यासारखं वाटेल, तिथे ते मुळातच तेवढं मोठं होतं असं समजावं.

तर एक घड्याळजी होता. चौकाच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान. दुकान कसलं, उभं कपाटच! आत एक टेबल, एक स्टूल, भिंतीवर सतरा घड्याळं आणि त्यांच्या टिकटिकीत डोळ्याला भिंग लावून बसलेला हा. हात इतका हलका, की माशीच्या पायात मोजा घालायचा म्हटलं तर माशीला गुदगुल्या न करता घालील. एका बाईंचं मनगटी घड्याळ त्याने मनगटावरून न काढता दुरुस्त केलं होतं, आणि बाई त्या वेळी बस पकडायला धावत होत्या. आता तोही बरोबर धावला असणार, हे ओघानेच आलं.

पुढे लांबलांबच्या शाळा, बँका, इस्पितळं यांच्या भिंतीवरची घड्याळंही त्याच्याकडे आली. शिडी घेऊन बसमध्ये चढणं काही खरं नव्हे. तीन कंडक्टरांशी भांडण आणि एका प्रवाशाची टोपी शिडीत अडकून दोन थांबे पुढे गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, एकदाची गाडी घ्या. नाहीतर लोक तुम्हाला शिडीसकट खाली उतरवतील."

गाडी घेतली. जुनी, पण शोरूमने पारखून दिलेली, फिक्या निळ्या रंगाची. शोरूमच्या मॅनेजरला सगळे 'सोयवाला' म्हणत, कारण जगात जे काही चांगलं दिसेल त्याचं श्रेय घ्यायची त्याला सवयच होती. घड्याळजी म्हणाला, "आरसा बरा आहे." हा म्हणाला, "आमचीच सोय." घड्याळजी म्हणाला, "सीटवर ऊन छान पडलंय." हा म्हणाला, "ती पण आमचीच सोय, साहेब. वेगळे पैसे नाहीत."

कर्जाचे कागदही त्याच टेबलावर झाले. फायनान्स कंपनीचा शिक्का सोयवाल्याच्याच खणात होता. साठ हप्ते, आणि एक जामीनदार हवा. जामीनदार कोण, तर सासूबाई. त्यांनी आपली मुदत ठेव तारण म्हणून दिली. ती ठेव होती कानाच्या यंत्रासाठी. सासूबाईंना ऐकू येत नसे, शेजारी तोफ उडाली असती तरी "कोणी शिंकलं का?" असं त्यांनी विचारलं असतं. एकच आवाज त्यांना नेमका कळे, तो त्यांच्या गजराच्या घड्याळाचा. दुपारी पाऊण वाजता गोळी घ्यायची असे. तो गजर दोन खोल्यांपलीकडे वाजला तरी त्यांचा हात पर्सकडे जाई. "तो कानात नाही वाजत, दाढेत वाजतो," असं त्या सांगत.

"कर्ज फिटेपर्यंत ठेव मोडता येणार नाही, आई," घड्याळजी त्यांच्या कानाशी ओरडला होता.

"मोडली नाहीस ना? मग झालं," म्हणून सासूबाईंनी सही ठोकली.

पहिल्याच फेरीत गाडी भर रस्त्यात बंद पडली. किल्ली फिरवली, ढिम्म. शिव्या दिल्या, ढिम्म. सात मिनिटांनी आपसूक चालू झाली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी घड्याळजीने खिशातलं घड्याळ स्टिअरिंगला टांगलं आणि मोजलं. बरोबर एक्केचाळीस मिनिटं चालते, सात मिनिटं विसावते. ना सेकंद इकडे, ना सेकंद तिकडे. इस्पितळाच्या रस्त्यावरचा वॉचमन तर गाडी थांबली की आपलं घड्याळ लावून घेऊ लागला. मागच्या गाड्यांचे भोंगे, ड्रायव्हरांचे टोमणे, एकाने खिडकीशी येऊन विचारलं, "काका, झोपवून आणताय का तिला?"

घड्याळजी शोरूममध्ये गेला. मेकॅनिकने गाडी चालवून पाहिली, परत आणली, कागदावर शिक्का मारला: दोष आढळला नाही.

"किती वेळ चालवली?" घड्याळजीने विचारलं.

"पंधरा मिनिटं. आमच्याकडे चाचणी पंधरा मिनिटांचीच असते."

"अहो, ती एक्केचाळिसाव्या मिनिटाला बंद पडते!"

"मग तुम्ही एक्केचाळीस मिनिटं चालवता कशाला?" सोयवाला मनापासून म्हणाला. "चाळिसाव्याला थांबा, खाली उतरा, पाय मोकळे करा. तब्येतीला चांगलं. बघा, ही पण एक सोयच झाली."

तीनदा गाडी नेली, तीनदा शिक्का मिळाला. चौथ्यांदा घड्याळजी तरातरा वकीलबाईंकडे गेला. त्यांचं ऑफिस जिन्याखाली होतं. बोलताना डोक्यावरून कोणी चढलं की त्या थांबत आणि पावलं संपली की वाक्य जिथे सोडलं तिथूनच उचलत.

"पुढच्या महिन्यापासून हप्ता बंद करतो," घड्याळजी म्हणाला.

"खबरदार! गाडी बिघडली म्हणून कर्ज बिघडत नाही. हप्ता चुकवलात की दोषी तुम्ही, आणि फायनान्सवाले आधी जाणार..." वर धडधड झाली, संपली. "...तुमच्या सासूबाईंच्या ठेवीकडे."

"मग काय आयुष्यभर ही धोंड ओढू?"

"ऐका. दोष दुरुस्त करायची संधी विकणाऱ्याला द्यावी लागते, ती तुम्ही तीनदा दिलीत. तिन्ही कागद जपून ठेवलेत, शाबास. आता गाडी परत करायचा हक्क तुमचा आहे. आणि कर्ज त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच मध्यस्थीने झालंय. म्हणजे विक्री रद्द झाली की कर्जही रद्द. भरलेले हप्ते परत, ठेव मोकळी. मी तक्रार दाखल करते. तपासनीस येईल, गाडी तासभर चालवून बघेल. त्याच्यादेखत बंद पडली की काम फत्ते. बॉनेट दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये उघडतील."

"एवढंच?"

"एवढंच. पण एक गोष्ट. तुम्ही गाडीला हात लावायचा नाही. बॉनेटखाली तुमचा एक स्क्रू ड्रायव्हर गेला, की ते म्हणणार, यानेच बिघडवली. तुमचा धंदा कुठला ते त्यांना माहीत आहे."

तपासनिसाची तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. आणि इथून घड्याळजीची खरी परीक्षा सुरू झाली.

गाडी दुकानासमोर उभी. हा स्टुलावर. चाळीस वर्षांत बिघडलेली वस्तू समोर आहे आणि आपण तिला हात लावलेला नाही, असा प्रसंग त्याच्यावर आला नव्हता. पहिल्या आठवड्यात त्याने स्टूल फिरवून गाडीकडे पाठ केली. पण भिंतीवर सतरा घड्याळं, आणि सतरा काचांत सतरा निळ्या गाड्या! दुसऱ्या आठवड्यात बोटं आपोआप वळवळू लागली. जेवताना तो चमच्याने ताटाच्या कडेचे स्क्रू शोधू लागला. बायकोने त्याच्या शर्टाच्या खिशातला बारीक स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला, तर तिच्या हेअरपिना नाहीशा व्हायला लागल्या. बसला की उठे, उठला की गाडीभोवती फेरी मारी, फेरी मारली की पुन्हा येऊन बसे. गिऱ्हाईक बोलत असलं तरी हा मध्येच विचारी, "एक्केचाळीसच का हो? चाळीस का नाही?"

"माझं घड्याळ पाच मिनिटं मागे पडतंय," गिऱ्हाईक बिचारं सांगे.

"ते पडू दे हो. पण एक्केचाळीस का?"

बायको म्हणाली, "अहो, उद्याचा एक दिवस राहिलाय. आज दुकान बंद ठेवा आणि घरी पडून राहा. मी तुम्हाला बाहेरून कुलूप लावून कामाला जाते."

तिने ऐकलं असतं स्वतःचंच, तर बरं झालं असतं. तिने कुलूप लावलं नाही.

दुपारी दुकानाचं दार ओढून घेऊन घड्याळजी बॉनेटपाशी उभा राहिला. फक्त बघायचं, तो स्वतःशी म्हणाला. बघण्याला कायद्याची मनाई नाही. बॉनेट उघडलं. बघायचं तर नीट बघायला हवं, म्हणून भिंग लावलं. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा रिले म्हणून काडेपेटीएवढी एक काळी डबी असते. पंपाला वीज तिच्यातून जाते. डबी उघडल्याशिवाय आतलं कसं दिसणार? उघडली. आणि दिसलं. सोल्डरच्या ठिपक्याला एक भेग, मुंगीच्या मिशीएवढी. डबी तापली की भेग फाकते, वीज तुटते. निवली की पुन्हा मिटते. तापायला एक्केचाळीस मिनिटं, निवायला सात!

"हात्तिच्या!" घड्याळजी म्हणाला, आणि तो तसं म्हणत असतानाच त्याच्या उजव्या हाताने तापलेली सोल्डरिंगची सळई उचलून ठिपका बेमालूम जोडून टाकला होता. सळई तापवली कोणी आणि कधी, ते त्याला अजूनही आठवत नाही.

गाडी घेऊन तो निघाला. एक्केचाळीस झाली. बेचाळीस झाली. पन्नास. तासाला त्याने रस्त्यावरच "वा!" म्हणून स्टिअरिंगवर थाप मारली. त्यानंतर त्याच्या लक्षात आलं, आणि घाम असा फुटला की वायपर आतून लावायला हवा होता.

उद्या सकाळी दहाला तपासनीस. गाडी ठणठणीत. कागद म्हणणार दोष नाही, तपासनीस म्हणणार दोष नाही. छप्पन्न हप्ते शिल्लक, आणि ठेव तोवर बांधलेली.

त्याने वकीलबाईंना फोन लावला. "समजा हं, एखाद्या माणसाने..."

"एखादा माणूस म्हणजे तुम्ही. काय केलंत?"

"काही नाही. समजा म्हटलं."

"हे बघा, काही केलं असेल तर आत्ता सांगा. तपासनिसाला लिहून देऊ, कुठे बिघाड होता, काय केलंत. अवघड जाईल, पण खऱ्याच्या बाजूने मी भांडू शकते. दीडशहाणपणाच्या बाजूने नाही भांडता येत." वर पावलं वाजली. त्या थांबल्या. खरं बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता. पावलं संपली. "बोला."

"काही नाही, बाई. सहज," घड्याळजी म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मग तो जोडलेला ठिपका मोडायला बसला. सळई हातात घेतली, डबी समोर धरली. हात पुढे जाईना. डावा हात उजव्याला ढकलतोय, उजवा मागे सरतोय, असं बराच वेळ चाललं. बंद पडलेलं चालू करायला शिकलेले ते हात. चालू असलेलं बंद पाडायचं कसं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. शेवटी सळई खाली ठेवून तो म्हणाला, "बरं बाबांनो, मोडू नका. काहीतरी बनवा तरी!"

बनवा म्हटल्यावर मात्र हात उठले. मोजून एक्केचाळीस मिनिटांनी वीज तोडायची आणि सात मिनिटांनी जोडायची, एवढं तर कुठलंही घड्याळ करील. काट्याला एक पितळी पट्टी, पट्टीने पंपाची तार उचलायची; घड्याळ अडवून ठेवायला एक खिळा, आणि खिळ्याला दोरा, तो स्टिअरिंगखाली आणून ठेवलेला. दोरा ओढला की वेळ सुरू. भिंतीवरची सतरा घड्याळं मात्र गिऱ्हाइकांची, आणि गिऱ्हाइकाच्या वस्तूचा पेच आपल्या कामाला वापरायचा नाही हा त्याचा नेम. तो घरी गेला आणि सासूबाईंच्या उशाशी असलेलं घड्याळ त्याने उचललं.

"साफ करून आणतो, आई!" तो ओरडला.

"माफ कशाला करायचं?" सासूबाई म्हणाल्या. मग त्याच्या हातातलं घड्याळ पाहून म्हणाल्या, "बरं, ने. उद्या गोळीच्या आत आण म्हणजे झालं."

त्याने काम असं सुबक केलं की ज्याचं त्यालाच कौतुक वाटलं. घड्याळ उघडलं तर आत धूळ. धूळ दिसल्यावर पुसल्याशिवाय राहवेना. पुसलं, चाकांना तेल दिलं, काटे बाराला आणून लावले आणि सवयीप्रमाणे मागच्या दोन्ही किल्ल्या भरून दिल्या. मग सगळं बॅटरीमागे दडवून बॉनेट अलगद मिटलं. पाहणी संपली की संध्याकाळी काढून घेऊ, असा बेत होता.

दुसऱ्या दिवशी दहाला सगळे गाडीत बसले. घड्याळजी स्टिअरिंगवर. शेजारी तपासनीस, मांडीवर फॉर्म, खिशाला चार पेनं. मागे सोयवाला आणि सासूबाई. जामीनदाराने हजर राहावं असं नोटिशीत लिहिलं होतं, आणि सासूबाई ठेवणीतला चष्मा लावून आल्या होत्या.

घड्याळजीने किल्ली फिरवली आणि गुडघा खाजवल्यासारखं करून दोरा ओढला.

त्या एक्केचाळीस मिनिटांत तो जितका म्हातारा झाला, तितका आधीच्या चाळीस वर्षांत झाला नव्हता. तपासनीस म्हणाला, "इंजिन छान वाटतंय." सोयवाला म्हणाला, "आमचीच सोय." पंधरा मिनिटं झाली तसा सोयवाला पुढे वाकला. "झालं की साहेब, दोष नाही. परतायचं?" तपासनिसाने नुसतीच 'नाही' अशी मान हलवली. तिसाव्या मिनिटाला फाटक लागलं. घड्याळजी इंजिन बंद करेना. "पेट्रोल जाळताय उगाच," तपासनीस म्हणाला. "जळू दे, साहेब," घड्याळजी म्हणाला, आणि त्याचा आवाज त्याला दुसऱ्याचाच वाटला. पस्तीस. अडतीस. सासूबाईंनी त्याच्या खांद्यावर थोपटून मोठ्याने सांगितलं, "घाबरू नकोस, पडेल हो बंद!" ठेवीचा जीव त्या थोपटण्यात होता. एकोणचाळीस. चाळीस.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला गाडीने एक उचकी दिली आणि ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

तपासनिसाने घड्याळ पाहिलं. तीनही शिक्क्यांचे कागद पाहिले. मग सोयवाल्याकडे मागे वळून असं पाहिलं, की सोयवाल्याने टाय सैल केला. "किल्ली फिरवा." ढिम्म. "पुन्हा." ढिम्म. तपासनिसाने चार पेनांतून एक निवडलं आणि लिहायला घेतलं. गाडीत इतकी शांतता, की पेनाची निब कागदावरून जाताना ऐकू यावी. तक्रारीप्रमाणे दोष प्रत्यक्ष आढळला. एक मिनिट. विक्री रद्द करण्यास हरकत नाही. दोन मिनिटं. कर्जाचा करार याच विक्रीशी जोडलेला असल्याने... तीन मिनिटं. घड्याळजीला आता फक्त सही दिसत होती. सासूबाईंच्या कानात बसलेलं यंत्रसुद्धा दिसलं. तपासनिसाने तारीख घातली, पेन सहीच्या जागेवर नेलं.

आणि बॉनेटखाली गजर वाजला.

असा तसा नाही. साफ केलेला, तेल दिलेला, चाळीस वर्षांच्या कसबी हाताने भरलेला गजर. घणघणघणघण! बॉनेट थरथरलं, रस्त्यावरची दोन कबुतरं उडाली, एक सायकलवाला घाबरून उतरला. बाराला लावलेले काटे पाऊण वाजवून मोकळे झाले होते, आणि गजराचा छोटा काटा हलवायचं घड्याळजीच्या डोक्यातही आलं नव्हतं.

तपासनिसाचं पेन हवेत राहिलं. "हे काय?"

"हे... हे कंपनीचंच आहे, साहेब," घड्याळजी म्हणाला. जीभ आपोआप चालत होती, हात चालले होते तशीच. "गाडी बंद पडली की गजर होतो. मालकाला कळावं म्हणून."

"अशी सोय असते?" तपासनिसाने मागे वळून विचारलं.

सोयवाल्याने ही संधी सोडली असती, तर ती त्याच्या आयुष्यातली पहिली असती. "असते तर!" तो छाती पुढे काढून म्हणाला. "आमचीच सोय. प्रत्येक गाडीला देतो आम्ही. वेगळे पैसे नाहीत."

तपासनीस एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहू लागला. आणि मागच्या सीटवर सासूबाईंनी गालावर हात ठेवला, दाढेच्या जागी. मग सवयीने पर्स उघडली, गोळी काढली, तोंडात टाकली आणि खिडकीतून सकाळचं ऊन पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"एवढ्यात पाऊण वाजला?" त्यांनी विचारलं, आणि मग गाडीतच काय, पलीकडच्या फुटपाथवरही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अरे जावईबापू, हे तर माझं घड्याळ! साफ करायला म्हणून नेलंस, आणि गाडीच्या पोटात कशाला लपवून ठेवलंस?"